१० मीटर एअर रायफल: आपल्या बॅरलला जमणारा छर्रा कसा शोधायचा

नवीन शूटर रेंजवर आला की त्याचे प्रश्न ठरलेले. रायफल कोणती घेऊ, जॅकेट कुठून शिवू, बूट लागतात का. छर्र्याचं मात्र कोणी विचारत नाही, दुकानात जो डबा असेल तो उचलतात आणि वर्षभर तोच मारत बसतात. आणि मग शॉटची सरासरी ९.८ ला अडकली की पोझिशन बदल, ट्रिगर बदल, चष्मा बदल. अरे भाऊ, आधी बघ तरी की तुझ्या रायफलला तो छर्रा आवडतो का. हे काम एका रविवारी सकाळी होण्यासारखं आहे, फक्त शांतपणे करावं लागतं.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायची रायफल स्पर्धा) ब्राँझ आणल्यापासून पोरं यूट्यूबवर काय काय बघतात आणि मग विचारून राहिले की ते अमेरिकेतले लोक घरी टेबलावर काडतूस भरतात, पितळी केस, पावडर तोलायची, बुलेट किती खोल बसवायची ते मोजायचं, तसं आपण करू का. सरळ उत्तर, नाही. आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ आहे आणि परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे, गंमत म्हणून सुद्धा करायचं नाही. पण त्या लोकांची एक गोष्ट शंभर टक्के घेण्यासारखी आहे. ते एका वेळी एकच गोष्ट बदलतात, प्रत्येक ग्रुपची, म्हणजे एकाच निशाण्यावर मारलेल्या गोळ्यांच्या पुंजक्याची, नोंद ठेवतात आणि दोन-चार गोळ्यांवर निकाल देत नाहीत. आपल्याला गोळी बनवायची नाहीये, निवडायची आहे, पण शिस्त तीच.

कायदा आणि हात धुणं, दोन्ही आधी

४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअर आणि २० जूलच्या आतली एअर रायफल असेल तर शस्त्र परवाना लागत नाही, पण दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, बिल जपून ठेवा, प्रवासात कामाला येतं. मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, साधारण ७.५ जूलच्या आसपास असते म्हणजे मर्यादेच्या खूप आत. परवाना नाही म्हणजे खेळणं नाही पण. चिमण्या, पोपट, कबुतरं यांच्यावर चालवायची नाही, केळीच्या बागेत पाखरं आली म्हणून पण नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याहीपेक्षा आपला खेळ तो नाहीच. गच्चीवर टेस्ट करू नका, मागे भक्कम भिंत, पुढे पेलेट ट्रॅप म्हणजे छर्रे अडवणारी पेटी, बाजूने कोणी येणार नाही अशीच जागा, आणि सगळ्यांच्या डोळ्याला चष्मा. छर्रा लोखंडावर आपटून उलटा येतो.

छर्रा शिशाचा असतो. तोंडात धरून एकेक भरायची सवय काही जणांना असते, ती आजच बंद करा. शिसं पोटात जातं ते मुख्यतः हातातून, म्हणून शूटिंग झाल्यावर साबणाने हात, मगच वडापाव. ट्रॅपजवळ पडलेली राखाडी धूळ कोरड्या झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि ते फडकं घरच्या कपड्यात धुवायचं नाही. घरात लहान लेकरू असेल तर रेंजचे कपडे पण वेगळे ठेवा.

छर्र्यात असतं काय

मॅचचा छर्रा म्हणजे सपाट डोक्याचा, मध्ये कंबर, मागे पातळ स्कर्ट, म्हणजे पोकळ घेर. डोकं सपाट कारण कागदावर गोल स्वच्छ भोक पडतं. टोकदार छर्रे घेऊ नका, ते या कामाचे नाहीत. डोकं बॅरलच्या खाचांवर टेकून चालतं आणि मागचा स्कर्ट हवेच्या दाबाने फुगून सील करतो. म्हणून डोक्याचा व्यास बॅरलशी जमला पाहिजे आणि स्कर्ट कुठेही दबलेला नको. या दोन गोष्टी समजल्या की बाकी सगळं त्यातूनच निघतं.

डब्यावर दोन आकडे बघायचे. एक वजन, रायफलसाठी साधारण ०.५३ ग्रॅम म्हणजे ८.२ ग्रेन, पिस्तूलवाले त्याहून हलके वापरतात. दुसरा हेड साइज म्हणजे डोक्याचा व्यास, ४.४८ पासून ४.५२ मिमीपर्यंत वगैरे, शंभराव्या भागाचा फरक. एवढ्याने काय होतं असं वाटतं पण होतं, एक बॅरल ४.४९ वर खुश असतं आणि त्याच कंपनीची शेजारची रायफल ४.५० मागते. याचं कुठलंही टेबल नाही, मारून बघणं एवढाच उपाय. तिसरी गोष्ट बॅच नंबर, स्टिकरवर किंवा डब्याच्या मागे छापलेला असतो. तो लगेच वहीत लिहून घ्या. तीच कंपनी, तीच साइज, पण बॅच वेगळी म्हणजे वेगळा छर्रा असंच समजायचं.

आता वेगाचं थोडं गणित, कारण ग्रुप वाचताना लागेल. मॅच रायफलचा छर्रा नळीतून साधारण १७० मीटर प्रति सेकंदाने निघतो आणि १० मीटर जाईपर्यंत पावणेदोन सेंटीमीटरच्या आसपास खाली येतो. साइट सेट केल्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही. पण एक छर्रा १७० ने गेला आणि पुढचा १६८ ने, तर तो जवळपास ०.४ मिमी जास्त खाली लागणार. डेसिमल स्कोअरिंगमध्ये, म्हणजे दशांशात गुण मोजताना, १०.० ते १०.९ हे दर ०.२५ मिमीला ०.१ असं चालतं. म्हणजे वेगातल्या फक्त २ मीटर प्रति सेकंदाच्या फरकाने दीड दशांश गेला, तुझा हात एकदम स्थिर असून. ६० शॉटची मॅच, वरची मर्यादा ६५४, तिथे दशांशाने माणूस फायनलला जातो किंवा घरी जातो.

किती डबे, कोणते

सुरुवातीला चार किंवा पाच प्रकार पुरे. आरडब्ल्यूएस आर१०, एचअँडएन फिनाले मॅच, जेएसबी, चियांग युआन यातले जे मिळतील ते, आणि शक्य असेल तर एकाच ब्रँडच्या दोन हेड साइज. आपल्याकडे जळगाव-धुळ्याला सगळं एका दुकानात मिळेल अशी आशा ठेवू नका, पुण्या-मुंबईहून मागवावं लागतं, म्हणून एकट्याने पाच डबे घेऊ नका. रेंजवरच्या चार-पाच जणांनी वर्गणी काढून एकेक डबा घ्यायचा आणि प्रत्येकाने त्यातले साठ-सत्तर वाटून घ्यायचे. मॅचच्या डब्यात साधारण ५०० असतात, सगळ्यांचं भागतं. वाटताना छोट्या डब्यात फोमवर ठेवा, पिशवीत कोंबून नेले की स्कर्ट दबलेच समजा.

मित्राला सांगा डब्यांवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या लाव आणि कोणता कोणता ते मला सांगू नको. महाग डब्याकडे मन झुकतं, हे खरं आहे, आणि ते ट्रिगरवर दिसतं.

तपासून घेणं

इथे आपलं जळगाव कामाला येतं. सराफ बाजारात ज्यांची ओळख आहे त्यांना माहीत असेल, सोनाराचं १० पट दाखवणारं भिंग मिळतं आणि मिलिग्रॅम दाखवणारा काटा पण मिळतो. यातलं भिंग आधी घ्या, काटा नंतर.

छर्रा चिमट्याने नाही, दोन बोटांत हलका धरून स्कर्टकडून उजेडाकडे करा. काठ एकसारखा गोल दिसला पाहिजे. कुठे आतल्या बाजूला चपटा झालेला, कुठे शिशाचा बारीक कपचा चिकटलेला, कुठे काठावर खाच, असले बाजूला. मग स्वच्छ काचेवर आडवा ठेवून हळूच ढकला. डोकं आणि स्कर्टचा व्यास वेगळा असल्याने तो वळतच जातो, वळू द्या, पण वळताना लंगडत असेल, थबकत असेल, तर स्कर्ट वाकडा आहे. दहा-वीस छर्रे असे फिरवले की डोळ्याला सवय होते आणि मग नुसत्या नजरेने पण कळायला लागतं. हे वाकडे छर्रे फेकायचे नाहीत, ड्राय (छर्र्याशिवायच्या) सरावानंतर अंग मोकळं करायला मारायचे.

वजनाचं माझं मत असं आहे की चांगल्या मॅच डब्यात वजन करून फार हाती लागत नाही, फरक आधीच कमी असतो. स्वस्त डब्यात मात्र काट्यावर ठेवले की ०.५१ पासून ०.५५ पर्यंत पसरलेले दिसू शकतात आणि तिथे ०.०१ ग्रॅमचे गठ्ठे केले तर फरक पडतो. काटा वापरताना पंखा बंद, काटा सपाट टेबलावर, आणि दर थोड्या वेळाने तोच एक छर्रा परत ठेवून बघायचा, आकडा सरकला असेल तर काटा सरकलाय, छर्रे नाही.

रायफल तयार करणं

ही पायरी लोकं गाळतात. सगळे स्क्रू तपासा, अ‍ॅक्शनचे, साइटचे, बट प्लेटचे. ढिल्या साइटवर छर्र्याची टेस्ट म्हणजे वेळ वाया. बॅरल साफ करायचं असेल तर फेल्टच्या छर्र्यांनी, मागून पुढे, लोखंडी ब्रश अजिबात नको. साफ केल्यावर पहिले काही शॉट इकडे-तिकडे जातात, नळीत शिशाचा पातळ थर परत बसेपर्यंत. तसंच ब्रँड बदलला की पण होतं, म्हणून प्रत्येक डब्याचे पहिले दहा-पंधरा शॉट मोजायचेच नाहीत.

सिलेंडरवाली म्हणजे पीसीपी रायफल (आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी) असेल तर प्रेशर बघा. २०० बारला भरा आणि टेस्टभर गेज खूप खाली जाऊ देऊ नका, रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) असला तरी अगदी तळाला गेल्यावर वेग बदलतो. सिलेंडरवर तारीख कोरलेली असते, मॅच सिलेंडरचं आयुष्य १० वर्षं धरतात, जुनी रायफल घेणाऱ्यांनी ते आधी बघावं. आणि मे महिन्यात भरलेला सिलेंडर बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही. आपल्याकडे बाहेर ४४-४५ अंश असतं तेव्हा गाडीच्या आत किती होत असेल विचार करा. रायफल पण टेस्टच्या आधी अर्धा तास रेंजच्या खोलीत ठेवून त्या तापमानाला येऊ द्या.

स्प्रिंगवाल्यांसाठी वेगळी सूचना. स्प्रिंग रायफलमध्ये छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्टन पुढे पळतो, रायफल हलते, आणि ते हलणं दर वेळी सारखं असलं की झालं. तिला क्लॅम्पमध्ये आवळली की ग्रुप उलट बिघडतो. पुढचा हात वाळूच्या पिशवीवर, तळहात उघडा, रायफल त्यावर नुसती टेकलेली, खांद्याला हलकी, दर वेळी अगदी त्याच जागी. पीसीपी रायफल मात्र क्लॅम्पमध्ये किंवा पुढे-मागे दोन पिशव्यांवर घट्ट बसवा, तिला चालतं.

मारायचं कसं

सकाळी लवकर करा. एक तर ऊन नाही, दुसरं म्हणजे कूलर लागत नाही. आपल्याकडच्या रेंजवर उन्हाळ्यात बाजूला मोठा कूलर घोंघावत असतो आणि त्याचा झोत थेट फायरिंग लाइनवर असतो. एवढा हलका छर्रा आडव्या हवेने सरकतो, १० मीटरवर सुद्धा. टेस्टच्या वेळी कूलर आणि पंखे बंद, घाम आला तर येऊ द्या.

टार्गेट चांगल्या कार्डाचं घ्या, वहीच्या कागदावर भोक फाटतं आणि मोजता येत नाही. एका कार्डावर दहा गोळ्या, एकाच डब्याच्या. मग दुसरा डबा, मग तिसरा, आणि परत पहिल्यापासून. अ ब क ड, अ ब क ड, असे तीन-चार फेरे. अ चे सगळे आधी, मग ब चे सगळे, असं केलं तर शेवटच्या डब्याला तुमचा थकवा आणि वाढलेलं ऊन दोन्ही भोगावं लागतं. पहिल्या फेरीत ते दहा-पंधरा शॉट, पुढच्या फेऱ्यांत ब्रँड बदलताना पाच-सहा शॉट नुसते ट्रॅपमध्ये मारून मग कार्डावर या. साइटला हात लावायचा नाही, ग्रुप सातच्या वर्तुळात पडू दे नाहीतर आठच्या, आपल्याला मध्यभागी लागतोय का ते बघायचं नाहीये, किती जवळ-जवळ लागतोय ते बघायचंय.

छर्रा आत घालताना अंगठ्याने ढकलून स्कर्ट दाबू नका. डोकं सरळ जाऊ दे, दर वेळी सारखाच बसू दे. एखादा शॉट तुमच्या चुकीने सुटला असं ट्रिगर दाबतानाच वाटलं तर कार्ड बघायच्या आधी तोंडाने बोला, शेजारच्याने लिहून घ्यावं. बघितल्यावर “हा मोजू नको” म्हणायचं नाही, ती सवय लागली की सगळे डबे चांगलेच निघतात.

आणि पाच गोळ्यांवर का थांबायचं नाही हे नीट समजून घ्या, कारण या लेखात मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. त्याच रायफलने, त्याच छर्र्याने पाच-पाचचे ग्रुप मारत बसा, एक भोकात भोक येईल आणि पुढचा दीडपट दिसेल, बदललं काहीच नसताना. नशिबाने लहान आलेला ग्रुप मोबाइलवर फोटो काढून फिरतो आणि त्यावर पोरं हजारोंची खरेदी करतात. दहा गोळ्यांचा ग्रुप सरासरीने पाचच्या सव्वापट मोठा दिसतो, मन थोडं खट्टू होतं, पण तो खऱ्याच्या जास्त जवळ असतो. तीन-चार फेऱ्यांत जो डबा सारखाच वागतो तो आपला. एकदा फार लहान आणि एकदा फार मोठा असा डबा नको.

मोजणं आणि वाचणं

व्हर्नियर कॅलिपर घ्या. सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा ते बाहेरच्या कडा मोजा, त्यातून ४.५ मिमी वजा करा, मध्य ते मध्य अंतर आलं. क्लॅम्पमधल्या मॅच रायफलचा दहा गोळ्यांचा ग्रुप बाहेरून ५.५ मिमीच्या आत आला तर तो छर्रा मस्त आहे, म्हणजे मध्य ते मध्य १ मिमी. नवीन मॅच रायफलसोबत कंपनीचं टेस्ट कार्ड येतं ते डोळ्यासमोर ठेवा, पण त्यावर गोळ्या किती आहेत तेही मोजा. स्प्रिंगच्या रायफलला हे आकडे लावू नका, तिथे डब्यांची आपसात तुलना करा, बास.

आकार पण बोलतो. ग्रुप उभा लांबट असेल तर वेग सारखा नाही, वर गणित केलं तेच, प्रेशर, रेग्युलेटर किंवा स्कर्टचं सील बघा. आडवा पसरला तर हवा, किंवा रायफल तिरकी होतेय, किंवा पिशवी सरकतेय. गोल आहे पण मोठा आहे, सगळीकडे सारखा विखुरलेला, तर बहुतेक हेड साइज जमत नाहीये, दुसरी साइज घ्या. नऊ एका भोकात आणि एक बाहेर असं परत-परत होत असेल तर भिंग काढा, डब्यात वाकडे आहेत.

निकाल लागला की दोन चांगले डबे घेऊन पोझिशनमध्ये उभं राहून पण मारा, प्रत्येकी २०-३० शॉट तरी. नवीन शूटरचं हलणं अजून मोठं असतं, त्यात छर्र्याचा फरक बुडून जातो, आणि ते ठीक आहे. तुमची शॉटची सरासरी ९ च्या आसपास असेल तर दोन चांगल्यांमधला स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशात जास्त मारा. खरंच सांगतो, त्या टप्प्यावर सराव जास्त देतो. १०.२ च्या पुढे गेलात की मग बॅचसाठी हट्ट धरा.

पुढचं

बॅच ठरली की सीझनभराचं त्याच बॅच नंबरचं घ्या, दुकानदाराला फोनवर स्टिकर वाचून दाखवायला सांगा. डबे आडवे-उभे फेकायचे नाहीत, वर फोमची चकती, एसटीने मॅचला जाताना डबा मांडीवरच्या बॅगेत, टपावर नाही, चोपडा-शिरपूरकडचे रस्ते ज्यांना माहीत आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात डब्यात ओल शिरली तर शिशावर पांढुरकी भुकटी धरते, ते छर्रे मॅचला नको आणि ती भुकटी हाताला पण नको.

पुढे जाऊन .२२ च्या ५० मीटरवर गेलात तर तिथेही हेच, फक्त खर्च वाढतो आणि परवाना, क्लब, असोसिएशन सगळं रीतसर लागतं. .२२ चं काडतूस रिमफायर असतं, फोडणारा मसाला केसच्या कडेतच असतो, त्यामुळे ते परत भरायचा प्रश्नच येत नाही, जगातले सगळ्यात मोठे शूटरसुद्धा तिथे लॉट, म्हणजे काडतुसांची बॅच, निवडतात. लापुआ या काडतूस कंपनीचं जर्मनीत शोनेबेकला टेस्ट सेंटर आहे, शूटर आपली बॅरल घेऊन जातात, मशीनमध्ये आवळून एकेक लॉट मारून बघतात आणि जमला तो उचलतात. आपण रविवारी सकाळी वाळूच्या पिशव्यांवर जे करतोय ते तेच काम आहे.

एक शेवटची गोष्ट, ही आत्ताच करून ठेवा. जमलेल्या बॅचचे शंभरेक छर्रे वेगळ्या डबीत काढून त्यावर बॅच नंबर आणि ग्रुपचा आकडा लिहा, सरावात वापरू नका. नवीन बॅच आली, रायफल सर्व्हिसला जाऊन आली, सील बदलले किंवा अचानक ग्रुप फुटायला लागला की त्याच दिवशी, त्याच पिशवीवर आधी यातले दहा मारायचे आणि मग नवीन दहा. जुने पण फुटले तर छर्र्याला दोष देऊ नका, रायफल उघडा.